लंगडीचा नंबर

आमच्या स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्यावर ‘साखर’ असं लिहिलेलं नाही. त्यावर तीनचा आकडा आहे. चहाच्या डब्यावर सात, मिठाच्या डब्यावर नऊ. आकडे वीतभर उंच, पांढरे, टोकांना किंचित जाड, आणि इतके ठसठशीत की संध्याकाळी दिवा लावायच्या आधीसुद्धा फळीवरून आपल्याकडे बघत असतात. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी नऊमधले दोन चमचे चहात घातले. ह्यांची मोठी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, एक घोट घेऊन म्हणाल्या, "अगं, साखर तीन. नऊ मीठ. आठ दिवसांत पाठ होईल." आणि उरलेला चहा त्यांनी निमूट संपवला, कारण नव्या नवरीच्या हातचा पहिला चहा टाकायचा नसतो असं त्यांना वाटत होतं.

वन्सं रेल्वेच्या यार्डात वाघिणींवर नंबर रंगवायच्या. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. आधी त्यांचे वडील हेच काम करत. ते एकाएकी गेले तेव्हा हे शाळेत होते आणि वन्सं एकोणीस वर्षांच्या. वडिलांच्या जागी कचेरीनं त्यांना घेतलं. वडिलांचे कुंचले, वडिलांचा कामाचा डगला आणि वडिलांची पद्धत असं सगळं एका दिवसात त्यांच्याकडे आलं. डगल्याच्या बाह्या त्यांनी दोनदा दुमडल्या आणि छत्तीस वर्षं त्या तशाच दुमडलेल्या राहिल्या. लग्न राहून गेलं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "बघायला आले ते सगळे रुळावरून घसरलेले होते."

यार्डात त्यांना आकडेबाई म्हणत. दुसरे रंगारी पत्र्याचा साचा धरून आकडे उमटवायचे. वन्संनी साचा कधी वापरला नाही, वडिलांनीही वापरला नव्हता. उजव्या हाताच्या मनगटाखाली डावी मूठ टेकवायची, श्वास धरायचा आणि एका ओढीत आकडा सोडायचा. प्रत्येक वाघिणीवर नंबर चार जागी असतो, दोन बाजूंना आणि दोन टोकांना. चारही जागी तो एकाच हातचा दिसला पाहिजे. मी एकदा विचारलं होतं की एवढ्या उन्हात, धुळीत, कोण बघतंय? त्या म्हणाल्या, तू देवापुढे रोज फुलं मांडतेस तेव्हा पाकळ्या कुणीकडे वळल्यात ते कोण बघतं?

शेवटच्या सहा वर्षांत मात्र त्यांचं काम उलटं झालं. नव्या वाघिणी कारखान्यातूनच नंबर घेऊन येऊ लागल्या, आणि जुन्या एकेक करून कंडम होऊ लागल्या. वाघिणी तपासणारा गृहस्थ वन्संच्याच वयाचा. लांब दांड्याची हातोडी चाकांवर मारून आवाज ऐकत फिरायचा, म्हणून सगळ्यांचा ठोकेदादा, वन्संचा नुसता ठोक्या. तो चिठ्ठी द्यायचा, आणि त्या चिठ्ठीवर वन्सं त्या वाघिणीचा नंबर चारही जागी काळ्या रंगानं बुजवायच्या. मग दोन्ही बाजूंना पांढरी मोठी फुली. त्यानंतर गॅसचं कटर घेऊन कापणारे येत आणि वाघिणीचं भंगार होई. यार्डात गाड्या जोडणारे लोक चिठ्ठ्या वाचत बसत नाहीत. नंबर दिसतोय ती वाघीण चालती, नंबर काळा ती संपली, एवढंच ते पाहतात.

बुजवायच्या आधी वन्संचा एक नेम होता, तोही वडिलांचा. नंबर ओल्या फडक्यानं पुसायचा, धूळ काढायची, आणि एकदा मोठ्यानं वाचायचा. जिनं इतकी वर्षं ओझं वाहिलं तिला शेवटी कुणी नावानं हाक मारू नये का, असं वडील म्हणत.

दुपारी मी त्यांचा डबा घेऊन मागच्या लाईनीवर जात असे. यार्डाचं ते अगदी टोक. रुळांत गुडघाभर गवत, आणि त्यात कंडम वाघिणी ओळीनं उभ्या, बसता येत नाही म्हणून उभ्यानंच झोपलेल्या म्हाताऱ्यांसारख्या. दारं अर्धी सरकलेली. वारा आला की तो एका दारातून शिरून दुसऱ्यातून निघे, आणि प्रत्येकीचा सूर वेगळा लागे. वन्सं डोळे मिटून आत डोकं घालायच्या आणि वासावरून सांगायच्या: हिनं लाकूड वाहिलंय, हिनं कोळसा, हिनं आयुष्यभर मीठ. मला तिथे प्रार्थनेला बसल्यासारखं वाटे. कधी कधी डबा उघडायचं राहून जाई आणि आम्ही दोघी नुसत्या ऐकत बसत असू. वन्सं माझ्या देवाची थट्टाही तिथेच करायच्या. म्हणायच्या, तुझा देव आमच्या ठोक्यासारखा आहे. ठोके मारून ऐकतो, निकाल काय ते बोलत नाही.

वन्संच्या निवृत्तीला तीन आठवडे राहिले होते तेव्हा ठोकेदादा चिठ्ठी घेऊन आला आणि म्हणाला, "आकडेबाई, तुझी लंगडी आलीये. या खेपेला परत जाणार नाही."

लंगडी म्हणजे वन्संनी आयुष्यात पहिल्यांदा रंगवलेली वाघीण. वडील जाऊन चारच दिवस झाले होते. हात थरथरला आणि नंबरातल्या चारचा उभा दांडा चारही जागी डावीकडे कलला. तरुण ठोकेदादानं तेव्हा विचारलं होतं, हा चार पिऊन आलाय का? नाव तेव्हापासून पडलं. पुढे वाघीण देशभर फिरली, दर दोनतीन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या यार्डात तिला नवा रंग लागत गेला. पण रंगारी जुन्या आकड्याची कड धरूनच कुंचला फिरवतात. त्यामुळे कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांनी तो कललेला चार जशाचा तसा गिरवला होता. छत्तीस वर्षं लंगडी आमच्या यार्डात आली की कुणीतरी ओरडून वन्संना सांगायचं. त्या हसायच्या, पण तिच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या, हे मी डबा नेताना दोनदा पाहिलं होतं.

ठोकेदादानं त्यांना वाकायला लावून तळ दाखवला. मधल्या मोठ्या तुळईला तडा गेला होता. रिकामी उभी राहील, तो म्हणाला, पण माल भरून वेगानं पळवली तर मधोमध मोडेल, आणि मागच्या सगळ्या तिच्या अंगावर येतील.

त्या दुपारी वन्संनी लंगडीचा नंबर पुसला. वाचला. आणि काळा डबा उघडायच्या ऐवजी पांढरा उघडला. जाताना तरी तिनं धड पायांवर जावं, एवढंच मनात आलं, असं त्या नंतर म्हणाल्या. कललेला चार त्यांनी खरवडून काढला आणि सरळ काढला. एकाला नवा रंग लागला तर बाकीचे फिके दिसतात, म्हणून त्या बाजूचे सगळे आकडे उजळले. रंग ओला होता. ओल्या पांढऱ्यावर काळा चढवला तर दोन्ही मिसळून राखाडी होतं. सकाळी वाळला की बुजवू, असं ठरवून त्या घरी आल्या. जेवताना खुशीत होत्या. ह्यांनी विचारलंदेखील, ताई, आज पगारवाढ झाली का? त्यावर त्या म्हणाल्या, मुकाट्यानं जेव.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मी माळ घेऊन बसले होते. वन्संची ही यायची वेळ नव्हे, आणि कामाचा डगला घालून तर त्या कधीच घरात येत नसत. त्या उंबऱ्यावर बसल्या.

"लंगडी गेली," म्हणाल्या.

मला वाटलं कापली. पण तसं नव्हतं. दुरुस्तीच्या लाईनीत जागा पुरली नाही म्हणून दुरुस्त झालेल्या काही वाघिणी मागच्या लाईनीच्या तोंडाशी आणून उभ्या केल्या होत्या. त्यांना लागूनच लंगडी. पहाटे गाड्या जोडणाऱ्यांनी ताजा, चकचकीत नंबर पाहिला आणि तीही दुरुस्त होऊन आलेली म्हणून जोडून घेतली. मालधक्क्यावर तिच्यात मिठाची पोती भरली आणि गाडी सुटलीसुद्धा. वन्सं पोचल्या तेव्हा तिथे गवत दबलेलं होतं आणि रुळाखालच्या एका स्लीपरवर पांढऱ्या रंगाचे तीन थेंब.

आता मी जे बोलले ते लिहायला मला लाज वाटते, पण घडलं तसं लिहिते. मी म्हटलं, तुम्हीच रंगवला हे कुणाला कळतंय? तीन आठवडे राहिलेत. छत्तीस वर्षांच्या कागदांवर एक डाग नाही, तो आता कशाला लावून घेता? मी दिवसभर जप करते, देव सांभाळेल, त्याला सगळं ठाऊक असतं.

वन्संनी माझ्या हातातल्या माळेकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "अगं, देवाला ठाऊक असेल," त्या म्हणाल्या. "पण फोन स्टेशनला लागतो. आणि नंबर मला पाठ आहे."

उभ्या उभ्या पाणी प्यायल्या आणि निघाल्या. मीही मागोमाग गेले. माळ हातातच राहिली.

कचेरीत मोठे साहेब चहा घेत होते, ठोकेदादा कपाटाशी कागद लावत होता. वन्संनी तीन वाक्यांत सगळं सांगितलं. साहेबांनी कप बशीत ठेवला तो चुकून तिरका बसला, चहा कागदांवर सांडला, पण कुणी पुसायला उठलं नाही. ठोकेदादानं फोन उचलला. पहिल्या स्टेशनवरून गाडी केव्हाच गेली होती. दुसऱ्यावरूनही गेली होती. तिसऱ्या स्टेशनचा माणूस म्हणाला, आत्ताच तर हिरवा बावटा दाखवला. चौथ्या स्टेशनच्या पुढे नदीवरचा लांब पूल आहे. चौथ्याची घंटा वाजत राहिली, वाजत राहिली. अखेर तिथल्या स्टेशनमास्तरनं उचलला, तेव्हा वन्संनी ठोकेदादाच्या हातून फोन घेतला आणि नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा करून, जसा त्या बुजवण्याआधी वाचत तसा.

मास्तर फोन टेबलावर ठेवून धावला. खोली इतकी शांत होती की त्या काळ्या नळीतून दूरचं ते स्टेशन आम्हाला ऐकू येऊ लागलं. आधी एखादा पक्षी. मग वारा. मग रुळांची बारीक गुणगुण, मग गाडी, अगदी लांबून, कुणाच्या तरी झोपेतून आल्यासारखी. चाकांचा ताल जवळ आला, वाढला. मी डोळे मिटले. ताल तुटेल की काय असं वाटत होतं, आणि तो हळूहळू जड होत गेला, एकेक ठोका मोजता येऊ लागला. मग एक लांबलचक कचकच आणि शांतता. त्या शांततेत तो पक्षी पुन्हा बोलला.

बऱ्याच वेळानं मास्तरचा आवाज आला. "आहे बाई. अकरावी आहे. नंबर अगदी ताजा दिसतोय हो, हात लावला तर बोटाला रंग लागला."

"खाली बघा," वन्सं म्हणाल्या.

तो पुन्हा गेला. परत आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. तडा दोन बोटं उघडला होता.

पूल वाचला, माणसं वाचली. वन्संना वाचवणारं कुणी नव्हतं, आणि त्यांनी कुणाला तसं म्हटलंही नाही. साहेब भला माणूस, पण नियम नियम. कामाच्या कागदावर तांबड्या शाईनं शेरा बसला. निवृत्तीचा समारंभ रद्द झाला, भाषण करणारा पाहुणाही ठरला होता तो कळवून थांबवला. वन्संनी दोनच गोष्टी मागितल्या. लंगडीला परत आणताना सोबत जाऊ द्या, आणि तिचा नंबर मलाच बुजवू द्या. साहेबांनी विचार केला. तुळईला लोखंडी पट्ट्या बांधून, रिकामी, माणसाच्या चालीनं आणायची होती, आणि वाटभर तड्यावर नजर ठेवायला कुणीतरी लागणारच होतं. वन्संनी सांगितलं, घरचं एक माणूस बरोबर घेते, डोळे चार हवेत. अशी मी जन्मात पहिल्यांदा मालगाडीत बसले.

गाडी कसली, पुढे इंजिन, मध्ये लंगडी, मागे गार्डचा डबा. बस. निघाल्यावर गार्ड म्हणाला, चालत गेलो असतो तर आधी पोचलो असतो, आणि टोपी तोंडावर ओढून त्यानं डुलकी घेतली. तड्याच्या दोन्ही टोकांना वन्संनी खडूच्या रेघा मारल्या होत्या. तडा रेघेपलीकडे गेला तर गाडी थांबवायची. दर दोन मैलांवर गाडी उभी राहायची, आम्ही खाली उतरायचो, वाकून रेघ बघायचो आणि परत चढायचो. मधल्या वेळात शेतं इतकी सावकाश जात होती की एखादं झाड दिसल्यापासून मागे पडेपर्यंत त्याच्याशी ओळख होई. बायका विहिरीवरून मान वर करून बघत. एक कुत्रं आमच्याबरोबर एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत चालत आलं आणि कंटाळून बसलं. मीठ सांडलेलं होतं वाघिणीत कुठे कुठे. रुळाच्या प्रत्येक सांध्याला ते फळ्यांच्या फटींतून झिरपे, आणि मागे वळून पाहिलं की रुळांच्या मधोमध बारीक पांढरी रेघ आमच्या मागे मागे येताना दिसे.

मी वन्संना विचारलं की छत्तीस वर्षं राहिला तसा तो चार आणखी एक दिवस राहिला असता तर काय बिघडलं असतं?

त्यांनी समोर चालणाऱ्या लंगडीकडे पाहिलं. नवा सरळ चार या बाजूला नव्हता. टोकाच्या पाटीवर जुना, कललेला दिसत होता.

"तो माझा हात नव्हता गं," त्या म्हणाल्या. "मी अजून वडील गेले त्या आठवड्यातच होते, तेव्हाचा तो. कुणीतरी सारखं आणून दाखवायचं. वाटलं, एकदा पुसू." मग म्हणाल्या, "आणि किती लोकांनी तो सांभाळला बघ. एकालाही सरळ करावासा वाटला नाही."

मी म्हटलं की त्यांना वाटलं असेल, काढणाऱ्यानं मुद्दाम तसा काढलाय. यावर वन्सं इतक्या हसल्या की गार्डनं टोपी वर करून पाहिलं.

यार्डात पोचायला चार वाजले. ठोकेदादा वाट बघत उभा होता. त्यानं वाकून तडा पाहिला, खडूच्या रेघा पाहिल्या. तडा रेघेच्या आत होता. मग हातोडी खांद्यावर टाकत म्हणाला, "पाय सरळ केलास आणि चालायलाच लागली की तुझी लंगडी." तीन दिवसांत त्या विषयावर कुणी केलेली ती पहिली थट्टा. वन्संच्या खांद्यावरून काहीतरी उतरलं ते मला दिसलं.

लंगडी मागच्या लाईनीवर, दबलेल्या गवतावर आणून उभी केली. ऊन तिरपं झालं होतं. वन्संनी काळा डबा उघडला, कुंचला बुडवला आणि थांबल्या. मला म्हणाल्या, तू पलीकडच्या बाजूला जा. तिथला जुना पूस आणि वाच. मी इकडचा वाचते.

मी वळसा घालून गेले. फडक्यानं पुसलं. धुळीखालून आकडे वर आले, आणि त्यांत तो कललेला चार, एकोणीस वर्षांच्या मुलीचा. दोन्ही बाजूंची दारं उघडी होती. मधल्या पोकळीतून पलीकडे मला वन्संच्या डगल्याची दुमडलेली बाही तेवढी दिसत होती. आम्ही दोघींनी एकदमच वाचायला सुरुवात केली. त्या पोकळीत दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले, मिठाच्या वासात थोडा वेळ राहिले, आणि चारपाशी आलो तेव्हा ऐकू आला तो एकटा माझाच आवाज. मी थांबले नाही. पुढचे आकडे वाचून पुरे केले. शेवटच्या आकड्याला वन्सं पुन्हा येऊन मिळाल्या.

मग चारही जागा काळ्या झाल्या. फुल्या पडल्या. कापणारे दुसऱ्या दिवशी येणार होते, ते बघायला आम्ही गेलो नाही.

तीन आठवड्यांनी वन्सं घरी बसल्या. समारंभ नव्हताच. ठोकेदादा संध्याकाळी हातोडी घेऊन आला, वन्सं बसल्या होत्या त्या खुर्चीच्या पायांवर एकेक ठोका मारून कान लावला आणि गंभीर चेहऱ्यानं ह्यांना सांगितलं, चालेल अजून बरीच वर्षं. मग नऊऐवजी तीनमधली साखर घालून मी सगळ्यांना चहा दिला.

रोज रात्री जप झाला की मी वहीत दिवसभराच्या चार ओळी लिहिते. त्या सकाळी फोनवर वन्संनी सांगितलेला नंबर मी तिथे उतरवून ठेवला होता. परवा वही उघडी होती आणि तो त्यांना दिसला. म्हणाल्या, बुजवलेला नंबर कुठे उरू द्यायचा नसतो, उद्या एखाद्या नव्या वाघिणीला तो मिळेल, तिचा असू दे. त्यांनी आपला सगळ्यात बारीक कुंचला आणला. आधी नंबर हळू आवाजात एकदा वाचला, या वेळी पूर्ण. मग त्यावर काळी पट्टी ओढली. मी वही मिटायला हात पुढे केला तर त्यांनी अडवला.

"राहू दे उघडी," म्हणाल्या. "वाळेपर्यंत मी बसते इथे."